झिजलेली जोडवी

लग्नाची चौकशी चोरीच्या तपासापेक्षा अवघड. चोरीत चोर तेवढा खोटं बोलतो. लग्नात दोन्हीकडचे बोलतात आणि वर पेढे वाटतात. उत्तरेश्वर डोंगरेला हे चांगलं कळून चुकलं होतं. एके काळी तो फौजदार होता, पुढे खात्यातून बडतर्फ झाला. आता नारायण पेठेत, लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून लोकांच्या होणाऱ्या जावयांची आणि सुनांची माहिती काढायचा. खालचा छापखानेवाला त्याला भेटेल तेव्हा म्हणायचा, "साहेब, मी छापतो आणि तुम्ही मोडता. जरा बेतानं घ्या, मलाही पोट आहे."

धंदा मात्र जोरात होता. पूर्वी स्थळ आलं की मावशीच्या नणंदेला विचारायचं, सगळी कुंडली बाहेर पडायची. आता हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, पोरंपोरी कुठून कुठून येऊन तिथे नोकरीला लागली होती, बापाला निवृत्त होताना मिळाला नाही तेवढा पगार पोराला पहिल्या महिन्याला मिळत होता. सोसायटीत समोरच्या दारामागे कोण राहतं, हे कुणाला सांगता येईना. मग विचारायचं कुणाला? तर उत्तरेश्वरला. पण त्याला या नावानं कुणी ओळखत नव्हतं. खरं नाव एकदा फोटोसकट पेपरात येऊन गेलं होतं, म्हणून तो गावावरून 'मोहोळकर' झाला होता. मोहोळकरसाहेब. पहिलं नाव कधी कुणी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यानं कटाक्षानं पाळली होती. या धंद्यात शिरल्यापासून त्यानं एकही ओळ खोटी लिहिली नव्हती. गिऱ्हाईक रडलं, चिडलं, पाया पडलं, तरी जे पाहिलं तेच लिहायचं. माणसाजवळ अब्रू म्हणून काही शिल्लक राहिलं नाही की उरलेलं चिमूटभरही तो फार जपतो.

त्या सोमवारी कोथरूडच्या विजयमालाबाई आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, करड्या साडीतल्या, मोकळ्या कपाळाच्या. शाळेत मुख्याध्यापिका होत्या हे त्यांनी सांगितलं नसतं तरी चाललं असतं; खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी तिच्यावरची धूळ बोटानं तपासली.

"माझा मुलगा दिग्विजय. सॉफ्टवेअरमध्ये आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्याच कंपनीतली मुलगी आहे. मुलगी हुशार, वागायला नीटस. मला पसंत होती."

"होती?"

"मधे बोलू नका. सांगतेय ना मी." त्यांनी पर्स उघडली. "आई आणि मामा खडकीला राहतात, मामा दारूगोळा कारखान्यात. वडील दहा वर्षांपूर्वी वारले म्हणून सांगितलं. ठीक. काल रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो. आईच्या कपाळाला काही नाही, गळा मोकळा, हातात एकेक बांगडी. तेही ठीक. आजकाल पुष्कळ जणी नवरा गेल्यावरही कुंकू लावतात, आणि लावावंच. मी लावत नाही ही माझी मर्जी. पण त्या बाई पोह्यांची बशी द्यायला वाकल्या, आणि मला पाय दिसले."

"पाय?"

"पायात जोडवी होती, साहेब. नवी नाही, हौसेची नाही. झिजलेली, रोजची. आता मला सांगा, जिला सोडायचं आहे ती सगळं सोडते. जिला ठेवायचं आहे ती कुंकू ठेवते. कपाळ पुसून जोडवी कोण ठेवतं?"

उत्तरेश्वरच्या मनात आलं, ही बाई खात्यात असती तर आपल्याला कधीच पकडलं असतं.

"मला वाटतं नवरा जिवंत आहे," विजयमालाबाई म्हणाल्या. "कुठेतरी तुरुंगात असेल, वेड्यांच्या इस्पितळात असेल, दुसरी बाई करून बसला असेल. काय असेल ते असो. मला माहीत पाहिजे. खोट्यावर मी सून आणणार नाही." आणि त्यांनी टेबलावर फोटो ठेवला.

फोटो रुपालीचा होता. उत्तरेश्वरच्या मुलीचा.

त्यानं तो हातात घेतला नाही. नुसता वाकून पाहिला. तेरा वर्षांची असताना त्यानं तिला शेवटचं जवळून पाहिलं होतं. नंतर पाहिलं ते रस्त्यापलीकडून, बसथांब्यावर, कॉलेजच्या फाटकाशी, चोरासारखं. फोटोत ती हसत होती आणि हनुवटी अगदी त्याच्या आईसारखी वर उचलली होती.

"नाव?" त्यानं विचारलं. विचारायला तर हवंच.

"रुपाली डोंगरे. शनिवारपर्यंत सांगा."

"सांगतो," तो म्हणाला.

नाही म्हणता आलं नसतं का? आलं असतं. पण मग बाई दुसरीकडे गेल्या असत्या. शहरात असले धंदे करणारे पुष्कळ, आणि त्यातल्या कुठल्याही मठ्ठानं खडकीत दोन चहा पिऊन सगळं बाहेर काढलं असतं. बडतर्फ फौजदाराची पोर, बाप मेला म्हणून सांगते. लग्न तिथंच संपलं. त्यापेक्षा चौकशी आपल्या हातात असलेली बरी, असा त्यानं हिशोब केला. बाई जिना उतरून गेल्यावर मात्र तो बराच वेळ खुर्चीवरून उठला नाही. स्वतःच्या मरणाचा तपास स्वतःकडे आलेला, आता करायचं काय?

बडतर्फ का झाला, तेही सांगून टाकू. लपवण्यासारखं आता काय उरलंय?

चौऱ्याण्णव साल. रस्त्यावर नव्या चकचकीत मोटारी नुकत्याच दिसायला लागल्या होत्या. एका बिल्डरच्या पोरानं तसली मोटार पहाटे भरधाव काढली आणि मंडईकडे भाजीची हातगाडी ओढत निघालेल्या माणसाला उडवलं. माणूस जागेवर गेला. उत्तरेश्वर तपासाला. बिल्डरची माणसं आली, गोड बोलली, पाकीट सरकवलं, आणि त्यानं पंचनाम्यात गाडी चालवणाऱ्याचं नाव बदललं. पोराच्या जागी त्यांचा म्हातारा ड्रायव्हर सीताराम आला. पंचांनी न पाहता सह्या केल्या. पंच नेहमीचेच, चहाच्या टपरीवरचे. सगळं कसं बिनबोभाट झालं. पण सीताराम कोर्टात उभा राहिला आणि ढसाढसा रडत म्हणाला, "मी नव्हतो हो चालवत. साहेबांनी सांगितलं म्हणून हो म्हणालो." झालं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं? पेपरात फोटो, खात्याची चौकशी, बडतर्फी. बिल्डरचं पोर तोवर अमेरिकेत पोचलं होतं.

रुपालीच्या वर्गात कुणीतरी फळ्यावर बातमीचं कात्रण चिकटवलं. त्या दिवशी घरी येऊन ती म्हणाली, "तुम्ही आमच्यात राहू नका." ओरडली नाही, रडली नाही. दुर्गाबाई, त्याची बायको, मुलीला घेऊन खडकीला भावाकडे, नागोरावकडे गेली. नव्या शाळेत रुपालीनं सांगून टाकलं की वडील वारले. पोरीला ते सोपं पडलं. पुढे कॉलेजात तेच, नोकरीत तेच. खोटं जुनं झालं की माणसाला ते खरंच वाटायला लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खडकीला गेला. कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये दुपारचं सामसूम असतं. माणसं कामावर, बायका जरा पडलेल्या. दार दुर्गानं उघडलं.

त्यानं तिच्या कपाळाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. विजयमालाबाईंकडून ऐकणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. रुपयाएवढं कुंकू लावायची ही बाई. पोलीस लाइनीत हळदीकुंकवाला तिच्या कपाळावरून बायका तिची थट्टा करायच्या. आता तिथं नुसता एक फिकट गोल राहिला होता, बाकीच्या कातडीपेक्षा उजळ.

"अहो," ती म्हणाली, आणि बाहेर दोन्ही बाजूंना पाहिलं. मग म्हणाली, "आत या. कुणी बघेल."

मेलेला नवरा दारात उभा असल्यावर बाई दुसरं काय म्हणणार!

त्यानं सगळं सांगितलं. विजयमालाबाई कुणाकडे आल्या, काय बोलल्या, काय पाहिलं. दुर्गा भिंतीला टेकून ऐकत होती. जोडव्यांचं ऐकल्यावर तिनं पाय साडीखाली ओढून घेतले.

"पोरीनं सांगितलं तसं सगळं केलं मी," ती म्हणाली. "ती लोकं यायची म्हणून कुंकू पुसलं. मंगळसूत्र काढून पिठाच्या डब्यात ठेवलं. इतकी वर्षं लोक काय म्हणतील ते म्हणोत, कुंकू पुसलं नव्हतं मी. शेजारीपाजारी सांगायचे, नवरा परगावी असतो."

"आणि जोडवी? विसरलीस?"

"विसरले नाही." तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. "तिचं लक्ष गेलं नाही तिकडं, आणि मी सांगितलं नाही. सगळंच कसं काढू हो? माणूस जिवंत आहे, नारायण पेठेत जेवतोय-खातोय, हे मला ठाऊक आहे. काहीतरी राहू दे म्हटलं."

दहा वर्षांत या बाईनं त्याला एक निरोप धाडला नव्हता. तो समजून चालला होता की आपण तिथंही मेलो.

"तुझा राग गेला का?" त्यानं विचारलं.

"कुठला जायला! तो आहे तिथंच आहे," दुर्गा म्हणाली. "राग वेगळा आणि हे वेगळं."

रुपाली नेमकी त्या दिवशी लवकर घरी आली. कंपनीच्या बसमधून उतरून, गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी, खांद्याला जड बॅग. बापाला बघून ती उंबऱ्यात थांबली. दुर्गानं तिला काय झालं ते थोडक्यात सांगितलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"म्हणजे तिनं तुम्हालाच गाठलं," ती म्हणाली. "व्वा. काय नशीब आहे माझं!"

"रुपाली, तू त्या मुलाला खरं सांग," उत्तरेश्वर म्हणाला. "मी शनिवारपर्यंत थांबतो. तुझ्या तोंडून कळलं तर..."

"काय सांगू? माझा बाप जिवंत आहे, पण मी दोन वर्षं तुला खोटं सांगत आले? आणि का सांगितलं, तर त्यानं पैसे खाऊन एका मेलेल्या माणसाची केस फिरवली म्हणून? दिग्विजय एक वेळ ऐकून घेईल. त्याची आई? ती खुर्चीवर बसायच्या आधी खुर्ची पुसते."

"मी खोटं लिहीत नाही गं. आता नाही लिहीत."

मग ती जे बोलली ते त्याला जन्मभर पुरलं असतं.

"लोकांसाठी लिहिलंत ना? ज्यांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं त्यांच्या पोरासाठी लिहिलंत. एकदा माझ्यासाठी लिहा. एवढंच लिहा, की वारले. मला बाकी तुमच्याकडून काही नको."

बाहेर कारखान्याचा भोंगा झाला. उत्तरेश्वरनं मुलीकडे पाहिलं. ती हट्टानं रडू आवरत होती, तेराव्या वर्षी आवरलं होतं तसंच. आणि त्याला वाटलं, हिचं काय चुकलं? आपण हिला दिलंय काय आजवर, एक डागाळलेलं आडनाव सोडून? एक ओळ मागतेय पोर.

"लिहितो," तो म्हणाला.

रुपाली आत निघून गेली. दुर्गा त्याला सोडायला फाटकापर्यंत आली, पदर डोक्यावरून पुढे ओढून, शेजारणींपासून तोंड लपवत.

"लिहा तुम्ही," ती म्हणाली. "मी काढते जोडवी. साबण लावून पाहिला, निघत नाहीत. बोटं सुजतात हल्ली. शनिवारी सोनाराकडे जाऊन कापून आणते. त्या बाई पुन्हा आल्या तर पाय मोकळे दिसतील."

"दुर्गा..."

"फक्त एक आहे." ती फाटकाच्या गजाशी चाळा करत होती. "रुपाली म्हणेल, आजकाल कोण मानतं. तिच्या डोक्यातच नाही आलं ते. पण तिच्या लग्नात तिला हळद कोण लावणार? सवाष्णी लावणार. मला पुढे नाही होऊ देणार कुणी, मी विधवा. तेल, ओटी, काहीच नाही. एकुलती एक पोर, आणि मी आपली मागे स्वयंपाकघराच्या दाराशी. असू दे. तिचं होतंय ना चांगलं? तुम्ही लिहा."

एवढं बोलून ती वळली आणि भराभरा चालत घरात गेली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात, आणि तेच त्याला सहन होईना. भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढचे दिवस त्याचे कसे गेले ते त्याचं त्याला ठाऊक. अहवाल लिहायला बसायचा आणि उठायचा. वाक्य सोपं होतं. 'मुलीचे वडील हयात नाहीत.' याहून मोठी खोटी वाक्यं त्यानं एका बैठकीत लिहिलेली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण त्या जुन्या हाताला आता पीळच सापडत नव्हता. पेन टेकवलं की त्याला बायडाबाई दिसायची.

बायडाबाई म्हणजे त्या हातगाडीवाल्याची बायको. त्या पहाटे तिला ससूनच्या व्हरांड्यात आणलं तेव्हा तिला वाटत होतं, नवऱ्याचा पाय मोडलाय. हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. उत्तरेश्वरनंच तिला सांगितलं. ती ओरडली नाही. तिनं नुसतं पाणी मागितलं, पदराचं टोक भिजवलं आणि तिथंच बाकावर बसून कपाळ पुसायला लागली. पुसताना विचारलं, "साहेब, गाडी कोण चालवत व्हतं?" उत्तरेश्वर शेजारी बसून लिहीत होता. "ड्रायव्हर," तो म्हणाला आणि सीतारामचं नाव लिहिलं. ती पुसत होती आणि हा लिहीत होता. बांगड्यांचं पुढे काय झालं ते बघायला तो थांबला नाही. त्याला चहाला बोलावलं होतं.

एका बाईचं कुंकू पुसलं जात असताना आपण शेजारी बसून खोटं लिहिलं. आता दुसरीचं पुसायला तेच खोटं लिहायचं? आणि ही दुसरी तर आपलीच. ज्यानं केलं तो सुटतो आणि भरते ती बाई, असंच चालायचं का शेवटपर्यंत? उत्तरेश्वरला स्वतःची इतकी चीड कोर्टातसुद्धा आली नव्हती.

शनिवारी सकाळीच तो कोथरूडला गेला. सोसायटीच्या रखवालदारानं नाव विचारलं. "उत्तरेश्वर डोंगरे," तो म्हणाला. किती वर्षांनी हे नाव तोंडातून निघालं.

विजयमालाबाई एकट्याच होत्या. दिग्विजय जिमला गेला होता. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"बोला. मिळाला का नवरा?"

"मिळाला," उत्तरेश्वर उभाच राहिला. "जिवंत आहे. तुमच्यासमोर आहे. मी रुपालीचा बाप."

विजयमालाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यानं काही मागे ठेवलं नाही. मोटार, सीताराम, बायडाबाई, बडतर्फी, फळ्यावरचं कात्रण. मुलीनं काय मागितलं आणि आपण हो म्हणालो होतो, हेही सांगितलं.

"म्हणजे मुलीला दिलेला शब्द मोडलात."

"मोडला."

"कशासाठी? तुम्ही लिहिलं असतंत तर मला कळलंही नसतं."

"तिच्या आईला तिला हळद लावायची आहे," उत्तरेश्वर म्हणाला. "मी मेलो तर ती लावता येत नाही. आणि ती आज सोनाराकडे जोडवी कापायला निघाली आहे."

विजयमालाबाई एकदम उठल्या. राग अगदी उकळून आला होता.

"लाज नाही वाटली त्या मुलीला? अहो, हे काय नाटकातलं सोंग आहे? यजमान गेले तेव्हा माझी जोडवी निघत नव्हती. बाळंतपणात बोटं सुजली ती सुजलीच. जावेनं घरी सोनार बोलावला. मी पाय पुढे करून बसले, आणि तो कातरीनं कापत होता, आणि सगळ्या जणी बघत होत्या. धाकट्या बहिणीच्या लग्नात मी पडद्यामागून अक्षता टाकल्या, माहितीय? मी! शाळेत चाळीस शिक्षक माझ्या शब्दाबाहेर नव्हते! आणि ही पोर आईला बसवते विधवा करून, एका रविवारपुरती!"

त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली दुचाक्या काढणाऱ्यांचा गलका चालला होता.

"लहान होती तेव्हा खोटं सुरू झालं," तो शेवटी म्हणाला. "ते माझं आहे, तिचं नाही. लग्न मोडायचं तर माझ्या नावावर मोडा."

"मोडायचं की नाही ते दिग्विजय ठरवेल. त्याला मी काही सांगणार नाही. तिनं सांगायचं, तोंडानं, आज. नंतर आईला घेऊन इथं यायचं. सोंग करून नाही. नेहमीचं मोठं कुंकू लावून."

"मी आणू त्यांना?"

"तुम्ही कशाला? तुम्ही नको." बाई वळल्या. आवाज मात्र खाली आला होता. "तुम्ही जिवंत आहात, तेवढं पुरे आहे. आणि आता इथं उभे राहू नका. सोनार दहाला दुकान उघडतात."

तो जिना उतरला तो धावतच. या वयात, गुडघे दुखत असताना. कोपऱ्यावर पिवळी पाटी असलेला फोन होता. नागोरावच्या घरी घंटा वाजत राहिली, वाजत राहिली. आता गेली, असं म्हणून तो फोन ठेवणार तेवढ्यात दुर्गानं उचलला.

"सोनाराकडे गेलीस का?"

"निघालेच होते. चपला घातल्यात."

"जाऊ नकोस. काढ चपला."

पलीकडे ती रडते आहे हे त्याला कळलं. त्यानं विजयमालाबाईंचा निरोप सांगितला. रुपाली शेजारीच असणार. कुणीतरी फोन हिसकावून आदळल्याचा आवाज आला. त्याला वाटलं तेच झालं होतं. मुलगी बापाला क्षमा करणार नव्हती, आणि तिनं करावी असं त्यालाही वाटलं नाही.

पुढचं त्यानं ऐकलं ते सगळं नागोरावकडून. रुपालीनं त्याच संध्याकाळी दिग्विजयला सांगितलं. तो काही दिवस तिच्याशी बोलला नाही, कंपनीतही नाही. दुर्गानं मधल्या काळात अन्न सोडल्यातच जमा होतं. मग एका रविवारी पोरगा आपणहून खडकीला आला, दुर्गाच्या पाया पडला आणि म्हणाला, "आई, मला राग खोट्याचा आला. तुमचा नाही." दुर्गा त्या दिवशी कुंकू लावून बसली होती.

लग्न मार्गशीर्षात झालं. उत्तरेश्वरला बोलावणं नव्हतं. पत्रिका खालच्या छापखान्यातच छापली होती. छापखानेवाल्यानं उरलेली एक आपणहून वर आणून दिली. तो त्या दिवशी खोलीतच बसून राहिला.

संध्याकाळी नागोराव आला, फेटा अजून डोक्यावर, डबा हातात. जिलबी आणि मसालेभात. त्यानं सांगितलं, हळद दुर्गानं लावली, सगळ्यांत पहिली. विजयमालाबाई सवयीनं मागे सरकल्या होत्या. दुर्गानं त्यांचा हात धरून पुढे ओढला, बायका बघतच राहिल्या, आणि त्या मुख्याध्यापिका बाई हळदीच्या हातानं पोरासारख्या रडल्या.

उत्तरेश्वर ऐकत होता. त्यानं डब्याला हात लावला नव्हता.

"कन्यादानाला मी बसलो," नागोराव म्हणाला. "गुरुजींनी विचारलं, मुलीच्या वडलांचं नाव? मी जरा अडखळलो, दाजी. खोटं कशाला बोलू. तर रुपालीच बोलली. मोठ्यांदा म्हणाली, उत्तरेश्वर. गुरुजींनी मान वर केली. मामा बसलेत म्हणून त्यांना वाटलं असणार. म्हणाले, वडील हयात नाहीत का?"

"मग?"

"सगळा मांडव ऐकत होता, दाजी," नागोराव म्हणाला. "पोर म्हणाली, हयात आहेत."